नियोजित जिल्हा श्री आणि ताकदीचा डबा

जळकोट,
चैत्र सरत आला, टँकर मात्र आला नाही

तीर्थस्वरूप माणिकप्पा मामांच्या चरणी भाचा मन्मथ याचा शरणू शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे पाणी सोडून बाकी सगळं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मिरचीच्या अडतीत बसून येणाऱ्या शिंका कमी झाल्या का? मामींना नमस्कार. तुम्ही म्हणाल, मोबाईलच्या जमान्यात पत्र कशाला. पण तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि फोन तुम्ही नेमका डाव्याच कानाला लावता. मी ओरडून सांगायला लागलो तर माझी हकिकत तुमच्याआधी आमच्या गल्लीला कळेल.

झालं असं, की माघात टँकर आला तेव्हा आईनं दोन कळश्या नेल्या आणि तिसरी मी उचलली. उचलली म्हणजे कमरेपर्यंत आली. तिथून ती वर जाईना आणि खालीही ठेवता येईना. कळशी सुटली, सगळं पाणी मातीत गेलं. मामा, यंदा जळकोटात माणूस पडला तर लोक त्याला उचलतात, पण पाणी सांडलं तर धरतात. सगळी रांग त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. (कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.) शेवटी समोरच्या गौरम्मा मावशी एवढंच म्हणाल्या, "शांतक्का, पोराला काय खाऊ घालून राहिलीस ग?" घरी येऊन आईनं रिकामी कळशी उपडी घातली. त्या आवाजानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी वीरभद्रच्या व्यायामशाळेत नाव घातलं. वीरभद्र म्हणजे आपल्या कापडवाल्या विरूपाक्षप्पांचा धाकटा. लातूरला इंजिनिअर व्हायला गेला होता, नुसते दंड घेऊन परत आला. त्यानं मला उघडं उभं केलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "माल हाय, पण भरती न्हाई. रोज अंडी खा." मी गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं, म्हणजे अंडं चालत नाही. तो म्हणाला, "पिवळं टाकून दे. पांढरं शाकाहारीच असतंय." (त्याच्याही गळ्यात लिंग आहे. व्यायामाच्या वेळी तो ते पाठीवर फिरवतो.) हे आईपुढं बोलायची माझी छाती नव्हती, छाती यायलाच तर तिथं गेलो होतो. मग एकच रस्ता उरला, पावडर.

पावडरीचा डबा लातूरहून आणला. इतका मोठा, की एसटीत कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. डब्यावर एका गड्याचं चित्र होतं, त्याला मानच नव्हती, डोकं थेट खांद्यावर. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की ही पावडर स्नायूंच्या नैसर्गिक वाढीस मदत करू शकते. मामा, हे 'करू शकते' मला ओळखीचं वाटलं. उदगीर जिल्हा होऊ शकतो आणि आपलं जळकोट त्यात जाऊ शकतं, हे माझ्या जन्माआधीपासून चालू आहेच की. त्याखाली आणखी बारीक अक्षरात होतं, दिवसभर भरपूर पाणी प्यावं.

मी मोठ्यानं वाचत होतो, आईनं ते नेमकं ऐकलं. "ह्यात काय हाय?" म्हणाली. मी म्हटलं, दुधाचंच आहे. "मग पी. पण पाणी जेवढं पिशील तेवढं आणशील."

तेव्हापासून मी पाणी आणून राहिलो. तहसीलच्या मागं सरकारनं ताब्यात घेतलेलं एक बोअर आहे, तिथून आपलं घर म्हणजे निम्मं गाव. आधी एक कळशी, मग दोन, मग खांद्यावर हंडा. जितकं पाणी आणावं तितकी तहान लागे, आणि तहान लागली की परत आणावं लागे. शिवाय वीरभद्रकडचं लोखंड होतंच. पण मामा, होळीच्या सुमारास सदऱ्याची बाही दंडाला अडकली! वडिलांनी दुकानातून मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "सदरा आटला." मी मात्र गल्लीत बसून पावडरीवर व्याख्यानं देऊन राहिलो. दोघांनी माझं ऐकून डबे आणलेसुद्धा. (त्याच दिवसांत आपली म्हैस चमकायला लागली. सगळ्यांची जनावरं छावणीत हाडं मोजून राहिली आणि आमची सकाळ-संध्याकाळ दूध देऊन राहिली. मला वाटलं, देवाची कृपा.)

मग उदगीरला स्पर्धा निघाली. जिल्हा झाला नाही तर नाही, पण जिल्ह्याचा गडी तर तयार पाहिजे, असं तिथल्या पुढाऱ्यांच्या मनात आलं. स्पर्धेचं नाव 'नियोजित जिल्हा श्री'. वीरभद्रनं माझ्या अंगाला कसलंसं काळं तेल फासलं. ऊन असं, की स्टेजवर मी तळून निघालो. पण दंड फुगवला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "जळकोट, लई भारी!" मामा, त्या कळशीनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं.

शेवटी तिघं उरलो, त्यात मी. अध्यक्षांनी माईक घेतला. "निकाल आमच्याकडं तयार हाय. ज्या दिवशी जिल्हा होईल, त्या दिवशी नव्या कलेक्टरच्या हातानं जाहीर करू!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण तेलामुळं आवाज निघाला नाही.

अंग धुवायला उदगीरला पाणी नव्हतं. तसाच एसटीत बसून घरी आलो. आईनं दारातूनच विचारलं, "कोण पाहिजे?" आवाजावरून ओळखलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. आंघोळीला पाणी कुठलं? ती आत गेली, ताकदीचा डबा घेऊन आली आणि मूठ मूठ पावडर माझ्या पाठीला चोळायला लागली.

"अगं, महागाची हाय!"

"गप. डाळव्याचं पीठ हाय ते."

तेव्हा कळलं. पावडर पिऊन माझं पोट गुरगुरायचं, म्हणून आईनं पहिल्याच आठवड्यात ती म्हशीच्या आंबोणात घातली आणि डब्यात डाळवं दळून भरलं. "तुला एकच पोट, तिला चार हायती. तिला पचतंय." दुधाची पावडर म्हशीला, म्हणजे माल मूळ मालकाकडं परत गेला. तेल मात्र निघालं. नंतर ओट्यावर बसून मी माझाच दंड दाबून पाहिला. होता जागेवर.

ज्या दोघांनी डबे आणले, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते दोघं दिसले की मी दुसऱ्या बोळानं जातो. बाकी सगळं ठीक. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
मन्मथ

ता. क. खरं काम राहिलंच. उदगीरहून परतताना एसटीत शेजारी एक मुलगी होती. जगदेवी नाव, तुमच्या धर्माबादच्या हळदवाल्या शिवलिंगप्पांची. माझ्या दंडाचं तेल तिच्या ओढणीला लागलं. ओरडली नाही. "निघतंय का हे?" म्हणाली. मी म्हटलं, "माझंच अजून निघालं न्हाई, तुमचं कसं सांगू?" तेव्हा जी हसायला लागली, ती मी जळकोटला उतरलो तरी हसूनच राहिली. तरी आपण एक ओढणी घेऊन त्यांच्या घरी जावं, आणि बोलता बोलता भाच्याचा विषय निघाला तर निघू द्यावा. आईला इतक्यात कळवू नये.

ता. क. माणिका, मी शांतक्का. पोरानं पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, मी वाचलं. जगदेवीच्या आईसंगं माझं पाडव्यालाच बोलणं झालंय. पोरगी मावशीकडं म्हणून उदगीरला आली, ती ह्याला बघायलाच. त्या ध्यानात बघून बी हो म्हणली, म्हणजे धीराची हाय. तू ओढणी हिरवी घे. पोराला इतक्यात काही सांगू नको, पाऊस पडंस्तोवर पाणी आणू दे.