झाकणावरचा देवदत्त

आलमबाग, लखनौ
रथसप्तमी जवळ आली, थंडी हलत नाही

सौ. हिमानीताईस धाकट्या देवदत्तचा साष्टांग नमस्कार (घातला रजईतूनच, पण भाव साष्टांगाचा).

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली, संक्रांत गेली. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडलंय ते सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला? आप्पांची अट तुला ठाऊकच आहे: होळीपर्यंत नोकरी लागली नाही तर कराडला येऊन पिठाच्या गिरणीवर बसायचं. गिरणीबद्दल माझं वाईट मत नाही, पण तिथे शिंका फार येतात, आणि एकदा बसलं की माणूस तिथलाच होतो.

म्हणून मी कपूरथल्याच्या बाजारात (पंजाबातलं नव्हे, लखनौतलंच) अनुप सरांच्या क्लासला जाऊ लागलो. (वाटेत मक्खन मलाई मिळते, फक्त थंडीत. नुसता फेस. खाल्ल्यावर आपण काही खाल्लं का, असा संशय येतो, म्हणून पुन्हा खावी लागते. क्लासला उशीर होतो तो त्यामुळे.) सरांचं म्हणणं, नोकरी शोधू नये, स्वतःचा ब्रँड करावा, मग नोकरीच आपल्याला शोधत येते. "भैया, पहले चेहरा घर-घर पहुँचाओ, काम बाद में बताना." हे मला फार पटलं, कारण काम काय सांगायचं हे मलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात विनीतामामीचं हळदीकुंकू आलं. लखनौतल्या झाडून साऱ्या मराठी बायका येतात: छावणीतल्या मेजरांच्या, महानगर नावाच्या वस्तीतल्या शास्त्रज्ञांच्या, शरदमामाच्या रेल्वेतल्या इंजिनियरांच्या. एवढे साहेब मला एरवी कुठे गाठता आले असते? वाण आणायचं काम मी अंगावर घेतलं. मामीला वाटलं, पोरगा सुधारला. मी प्लास्टिकचे डबे आणले आणि प्रत्येक झाकणावर माझा फोटो (कोट मामाचा), नाव, मोबाइल नंबर आणि खाली 'एकदा भेटाच' असं छापून घेतलं.

मामीने पिशवी उघडली ती बायकांना कुंकू लावून झाल्यावर. वाण न देता सवाष्णींना पाठवायचं कसं? तिने खाली मान घालून माझं तोंड घरोघरी वाटलं. शेजारच्या उल्काकाकूंनी झाकण पाहिलं, मग मला पाहिलं, म्हणाल्या, "विनीता, भाचा लग्नाचा आहे हे तोंडाने सांगायचं गं. डबे कशाला छापलेस?"

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. नोकरी द्यायला एकही नाही, सगळ्या मुलींच्या आया. एकीने विचारलं, मुलगा कांदा-लसूण खातो का? मी म्हटलं, मीच मुलगा बोलतोय. "मग फोन मोठ्या माणसाकडे दे." नोकरी कुठे, असं विचारलं की मी सांगतो, ब्रँड तयार होतोय, पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज येतो. मामा जेवताना म्हणाला, "बायोडेटाला झाकण असतं हे आजच कळलं." मेजरीणबाईंनी त्या डब्यात हिंग भरलाय म्हणे.

तेव्हा ब्रँडचा नाद मी सोडला आहे. पण आप्पांना ठणकावून सांग, देवदत्त स्वतःच्या पायावर उभा राहील. सासऱ्याच्या जिवावर नोकरी मिळवणाऱ्यांतला तो नाही.

तुझा,
देवदत्त

ता. क. माझी पत्रिका कुरियरने लगेच पाठव. इथे भास्करकाका म्हणून आहेत, त्यांचं मोठं केटरिंग आहे. मुलगी अंतरा. जावयाला मॅनेजर करणार म्हणतात. होळीच्या आत जमेल. मंगळ असेल तर गुरुजींना म्हणावं, जन्मवेळ थोडी मागेपुढे बघा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारात स्कूटी थांबली. भास्करकाका नव्हेत, अंतरा स्वतः, एकटी. मामीने मराठीत बस म्हटलं, ती हिंदीत बसली. "आंटी, पापा तो किसी को भी हाँ कह देते हैं. काम सारा मैं सँभालती हूँ, तो लड़का भी मैं ही देखूँगी." मामी पोहे टाकते आहे आणि स्वयंपाकघरातून मला सांगते आहे, केस विंचर, ट्रे तुलाच न्यायचा आहे.