मधुभाऊजींच्या वाटणीची लोकाटं

रांझी, २२ मार्च १९४३
अंगणातल्या झाडाची पिवळी, आंबटगोड लोकाटं पिकली. सासूबाईंनी टोपलीभर तोडून आणली. धाकटे दीर मधुभाऊजी ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले, वर्ष होत आलं, खबर नाही. त्यांना ही फार आवडत. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, गोड कर. तो येऊन राहिला."

२३ मार्च
सालं, बिया काढल्या. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवल्या. रेशनची साखर पुरेना, मग गूळ घातला. वेलची. रंग काळसर, चव छान. सासूबाईंनी पहिली वाटी झाडाखाली ठेवली. दुपारी पाहिलं, रिकामी. खार असेल. पण वाटी धुतलेली होती, आणि सासूबाई माझ्यासमोर निजलेल्या.

२५ मार्च
आजही तेच. ह्यांना सांगितलं. हसले. "आईच धुते. तू काहून घाबरून राहिली?"

२६ मार्च
सकाळी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मधू सांगून गेला, दादाला उद्या फॅक्टरीत जाऊ देऊ नको." हे तिथे गोळ्यांत बारूद भरायच्या शेडमध्ये कामाला. लढाईचे दिवस, खाडा चालत नाही. हे चिडले. "आई, मधू नाही आता. समजून घे."
घरात हे आजवर कोणी तोंडाने बोललं नव्हतं. सासूबाई रडल्या नाहीत. "मग मला हाक कोण मारून राहिलं?"

२७ मार्च
हे गेले. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का...
दिवसभर कान फॅक्टरीकडे. चूल तशीच. दुपारीच सायकल दारात. हे सुखरूप होते. "फाटकापर्यंत गेलो. आत पाऊल पडेना. नदीवर बसून होतो."
का, विचारलं. सायकल भिंतीला टेकवली. मग, "मागून कोणी दादा म्हटलं. वळून पाहिलं, कोणी नव्हतं."

२८ मार्च
फॅक्टरीत काहीच झालेलं नाही. कालही नाही, आजही नाही. तरी हे गेले नाहीत. साहेबाचा माणूस येऊन गेला, मी म्हटलं, बुखार आहे भैया. परत आला तर काय सांगू?
हे आणि सासूबाई झाडाखाली खाटेवर बसलेत. हळू हळू बोलून राहिले. मी जवळ गेले की थांबतात. आत्ता ह्यांनी विचारलं, "तुला ऐकू नाही येत?"
नाही म्हटलं. दोघांनी कीव आल्यासारखं पाहिलं.
खाटेवर दोघं दोन टोकांना. मधे एका माणसाची जागा सोडलेली.