परीक्षा बापाने दिली

सेरंगून, मंगळवार, जुलै २००६

युनिव्हर्सिटीत गणिताचा कुठला वर्ग झेपेल, ते ठरवायची चाचणी माझ्या नातीने, नेहाने घरीच कॉम्प्युटरवर द्यायची होती. पण आकडेमोडीची पेन्सिल तिच्या बापाच्या, माझ्या लेकाच्या, सुहासच्या हातात. उत्तरं बापाची, म्हणून वर्ग निघाला सगळ्यात अवघड. पोर रडवेली झाली.

म्हटलं, "सुहास, वर्गातही तूच जाऊन बस. डबा मी देते."

"आई, तुला गणितातलं काय कळतं?"

"पेन्सिल कोणाच्या हातात होती, ते कळतं."

जास्त बोलले का? बोलले तर बोलले.

संध्याकाळी नेहाने चाचणी एकटीने पुन्हा दिली. सोपा वर्ग निघाला. "ओके ला, आजी," इथल्या पोरांसारखं 'ला' लावून म्हणाली आणि पोटभर जेवली.

सुहास अजून पेन्सिल शोधतोय. ती माझ्या उशीखाली आहे.