तुझं रडणं मी भरून घेतलं

माय, तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि तुझ्याबद्दल मी अजून खोटंच बोलतो. परवा मुंबईहून एक पोरगी कॅमेरा घेऊन जळगावला आली होती. खान्देशात आज जो तो रॅप करतो त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, असं तिचं म्हणणं. असेल. फैजपूरपासून धुळ्यापर्यंतची पोरं माझ्यासारखी टोपी घालतात, माझ्यासारखे शब्द तोडतात, माझ्या बीट उचलतात आणि वर मलाच पाठवतात. तिनं विचारलं, पहिलं गाणं ऐकून आई काय म्हणाली? मी म्हटलं, डोक्यावर हात ठेवला. ती भारावून गेली. मी तिच्यासाठी चहा मागवला आणि मनात म्हटलं, एवढी वर्षं हेच सांगतोस, आता तुला तरी ते खरं वाटायला लागलंय का?

हा शब्दांचा नाद मला कुणी लावला, हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आपल्या गल्लीत कुणी गेलं की बाया तुझी वाट बघायच्या. बाकीच्या नुसत्या गळ्यात पडून रडायच्या, तू मात्र मेलेल्याचं सगळं आयुष्य रडण्यात मांडायचीस. त्यानं कुठली विहीर खणली, कुणाशी भांडला, म्हातारपणी पोरांनी कसं वागवलं, सगळं त्याच सुरात, आणि एकदा म्हटलेली ओळ पुन्हा नाही. जिनं त्रास दिला ती सूनसुद्धा दाराआड मान खाली घालून ऐकायची. मग घरी येऊन तू अंघोळ करायचीस आणि काही झालंच नाही अशी भाकरी थापायला बसायचीस. मी विचारायचो, हे तू कधी जुळवतेस? तू म्हणायचीस, "मी कोठे करस? ते येस." आज मी पोरांना वर्कशॉपमध्ये हेच सांगतो, फक्त इंग्रजी शब्द घालून.

मी कॉलेज सोडलं आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं मशीन मांडलं, तेव्हा सगळे नातेवाईक तुला बोलले. तू दालमिलमधून येऊन, पाय न धुता त्या खोलीत डोकावायचीस. आवाज घुमतो म्हणून मी वैतागलो होतो. दुसऱ्या दिवशी तू ट्रंकेतल्या गोधड्या काढल्यास, पाच की सहा, तुझ्या हातच्या, आणि चारी भिंतींवर खिळे ठोकून टांगल्यास. मला कुणी एवढं मोठं काही दिलं नाही, आजतागायत नाही. काचेचा स्टुडिओ आहे आता माझा, पण त्या खोलीसारखा आवाज तिथे लागत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मग पुढचं सांगावं लागतं.

मामा गेला तेव्हा आपण एरंडोलजवळ त्याच्या गावी गेलो. तुझा एकुलता एक भाऊ. तू दारातच बसलीस आणि असं रडलीस की बाहेर बसलेले पुरुषही उठून उभे राहिले. "आते मन्ही वाट कोन देखी रे भाऊ," हे तू म्हणालीस आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, दुःखानं नाही आला. हे गाणं आहे, असं वाटून आला. मी फोन काढला, रुमालाखाली धरला आणि तुझं रडणं भरून घेतलं. पुढे दोन महिने मी त्यावर बसलो. आवाज वर चढवला, वेग वाढवला, खाली ढोल टाकला. 'भाऊ' तालात बसत नव्हतं, म्हणून ते कापून टाकलं. तुला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. आलं असतं तरी विचारलं नसतं.

माझं ते पहिलं गाणं गाजलं. वर्षाच्या आत असं एक लग्न उरलं नाही की ज्यात ते वाजलं नाही. मग मामाच्या पोराचं लग्न लागलं, मुलगी धुळ्याची. वरात निघाली आहे, डीजेवाल्याला कुणीतरी सांगतं की नवरदेवाचा आत्येभाऊ इथेच आहे, आणि तो माझंच गाणं लावतो. पोरं मला खांद्यावर घेतात. मामाचा पोरगा घोड्यावरून उतरून नाचतो, मामी नाचते. मी वरून बघतो तर तू बायांच्या घोळक्यात उभीच राहिली आहेस, तोंडाला पदर लावून. कुणालाच ओळखू आलं नव्हतं, माय, त्याच्या पोरालाही नाही. पण स्वतःचं रडणं कितीही पळवलं तरी माणूस ओळखणारच. तू वळलीस आणि रिकाम्या मांडवात जाऊन बसलीस.

मी तुझ्यामागे आलो, आणि किती मूर्खासारखं बोललो. म्हटलं, तुझा आवाज सगळ्या महाराष्ट्रात वाजतोय, तुला अभिमान वाटायला पाहिजे. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "मन्हा भाऊना मढावर तू लोकस्ले नाचाडं," एवढंच म्हणालीस. घरी आल्यावर मागच्या खोलीतल्या गोधड्या एकेक करून उतरवल्यास, झटकल्यास, घडी घालून ट्रंकेत ठेवल्यास. मी दारात उभा होतो. 

त्यानंतर तू कुणाच्याच दारात रडली नाहीस. गल्लीतली माणसं गेली, तू जायचीस, पदर तोंडात धरून बसायचीस आणि उठून यायचीस. त्याचा मला राग आहे, अजून आहे. मला चार शिव्या द्यायच्या, घराबाहेर काढायचं. ते न करता तू स्वतःचंच तोंड शिवून घेतलंस, आणि ते का, हे बायांना कळल्यावर मी सगळ्या गल्लीचा गुन्हेगार झालो. तीन वर्षं तू मला वेळेवर जेवायला वाढलंस आणि गाण्याचं नाव काढलं नाहीस. अशी शिक्षा कुणी पोटच्या पोराला देतं का?

तू गेलीस तेव्हा बाया आल्या. तुझ्या नावानं बोलून रडायला कुणीतरी सुरुवात करील म्हणून मी उंबऱ्याशी बसलो होतो. शेजारच्या अक्कानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "उगी ऱ्हा वं, तो भरी लेस." सगळ्या गप्प झाल्या. जिनं एवढ्यांना शब्द दिले तिला कुणी एक ओळ दिली नाही. माझं तर पोटच शब्दांवर, पण मलाही काही सुचलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगतो की त्या बायांनी माझ्या आईला मुकं पाठवलं, मी त्यांचं रडणं भरून घेईन असा नसता संशय घेतला.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. अक्काचं चुकलं नव्हतं. माझ्या खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.