अण्णांची फवारणी

सांगली, ऑक्टोबर १९७६, मंगळवार

काटा हलला. आधी एवढंच लिहून ठेवते.

उन्हातून वीज काढणारी काच करायची म्हणून तीन महिने तापलेल्या काचेवर द्रावण फवारतेय. हळदीसारखा पिवळा थर बसतो, पण त्याला भोकं पडतात आणि मीटरचा काटा ढिम्म. आज सकाळी अण्णा गावाहून लेकीसाठी शेंगा घेऊन थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेतच आले. दारात उभं राहून माझी फवारणी बघितली आणि म्हणाले, "आगं, आंघोळ घालतीस व्हय काचंला? द्राक्षाला असं औषध मारलं तर पानावर ऱ्हाईल का? लांबनं मार. जरा मार, थांब, वाळू दे, मग परत मार."

रागच आला मला. एम.एस्सी. मी झाले की हे? पण त्यांची बाग बहरलीय, माझी काच नाही.

दुपारी तसंच केलं. थर एकसारखा बसला. काच तांब्याच्या द्रावणात बुडवली, तारा जोडल्या, खिडकीतल्या उन्हात धरली, आणि काटा हलला. थोडासाच, पण हलला. अण्णांनी काचेवर टोपी धरली, काटा पडला. टोपी काढली, चढला. हा खेळ इतका चालला की त्यांची एसटी चुकली नि मुक्काम माझ्याकडेच पडला.

एवढं साधं मला का नाही... जाऊ दे.

दुष्काळापासून उन्हाला शिव्या घालणारा हा माणूस आत्ता अंगणात उभा राहून आभाळ बघतोय. दोनदा विचारून झालं, "उद्या ऊन पडंल न्हवं?"