धोंडबादादाच्या किनारीसाठी दोन कार्डं

इतवारी, नागपूर
दि. ६ मे १९८८

चि. मार्तंड यास शालिकराममामाचे अनेक आशीर्वाद.

पेट्या सुखरूप पोचल्या. कंप्युटर तू कंपनीच्या जुन्या मालातून स्वस्तात काढून दिलास हे खरं, पण तो खरा कितीला पडला ते ऐक. नागपूरच्या विजेसाठी वेगळा स्टॅबिलायझर. आत काच आहे म्हणून रिक्षावाल्याने घेतलेलं दुप्पट भाडं. आणि ओली हवा चालत नाही असं तू बजावलंस, म्हणून त्या खोलीतला कूलर बंद. तेव्हापासून तुझी कौसल्यामामी माझ्याशी बोलत नाही. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणाऱ्या नवऱ्याशी कोण बोलेल? हा खर्च सर्वांत मोठा.

आता धोंडबादादाचं, तुझ्या मोठ्या मामाचं. तुझ्या आईच्या काळजीने मी पत्रात कमी लिहीत होतो, पण आता लपवून उपयोग नाही. किनारीचा नकाशा काढायच्या चौकड्यांच्या कागदावर त्याला रेघाच दिसेनाशा झाल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता. हे दुखणं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे, चष्म्याने भागायचं नाही. संक्रांतीपासून त्याने एकही किनार काढलेली नाही. उमरेडचे विणकर येतात, चहा पितात, रिकामे परत जातात. परवा म्हणाला, पेन्सिली कोणाले तरी देऊन टाक गा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कंप्युटरच्या पडद्यावर चौकट हवी तेवढी मोठी करता येते असं तू म्हणालास, त्या एका वाक्यावर मी हा सगळा पसारा मांडला आहे. पडद्यावर चित्र काढणारी रंगीत आणि एकरंगी अशी जी दोन कार्डं तू दिलीस, त्यांतलं एकच ठेवायचं आहे ना? मग आत्ताच सांगतो, रंगीत ठेवणार. शालिकराम रंगीत पडद्यावर लुगड्याची किनार काढणार, असलं नागपुरात कोणाकडे नाही, हे मी अख्ख्या इतवारीत सांगून बसलो आहे. शेजारच्या दुकानातला बाबाराव म्हणे, काहून गा, घरचा टीव्ही बिघडला काय? जळतो, दुसरं काय.

दोन्ही कार्डांत फरक काय तो मला समजेल असा लिही. आईला नमस्कार. तब्येतीला जप, आणि मामावरचा लोभ पुण्याच्या हवेत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शालिकराममामा

---

पुणे
दि. १३ मे १९८८

ती. मामांस मार्तंडचा सा. न.

मामींची माझ्यातर्फे क्षमा मागावी. कूलर शेजारच्या खोलीत लावून दार लोटून ठेवलं तरी चालेल. हे आधी लिहायला हवं होतं.

कंप्युटर विचार करतो आणि कार्ड चित्र काढतं, एवढं धरून चला. चित्र ठिपक्यांचं असतं. रंगीत कार्ड पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके मांडतं, आणि एका वेळी रंग चारच: काळा, पांढरा, आकाशी आणि तुमच्या दुकानातला राणी. एकरंगी कार्ड आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके मांडतं, पण सगळे पिवळसर. आपल्या किनारीला सुतं २४०. पूर्ण किनार एकदम दाखवली तर एकरंगीवर एकेका सुताच्या वाट्याला तीन ठिपके येतात, रंगीतवर जेमतेम एक.

वेगात मात्र रंगीत कार्ड पुढे. त्याला ठिपके कमी, म्हणून ते चित्र झटकन काढतं. एकरंगीला पडदा भरायला साधारण दुप्पट वेळ लागतो. वरून खाली एकेक ओळ उमटताना डोळ्यांना दिसते. आमच्या कंपनीत लोक याच्यावर वैतागतात.

दोन्ही कार्डं आत बसवून दिली आहेत. दोन्ही पडदे शेजारी ठेवा आणि मोठ्या मामांनाच बसवा. निकाल तुम्ही देऊ नका, तुम्ही साडी विकणारे; चार रंग दिसले की भाव सांगायला लागाल. एवढंच वाटतं, की त्यांना आधी फार आशा लावू नये. न जमलं तर त्यांच्या मनाला दुसऱ्यांदा लागेल.

आई रोज टपालाची वाट बघते. लवकर लिहावं, आणि आहे तोच जिव्हाळा पुढेही मिळावा.

आपला,
मार्तंड

---

इतवारी, नागपूर
दि. २२ मे १९८८

चि. मार्तंड यास अनेक आशीर्वाद.

काय पाहिलं ते कसं लिहू तेच कळत नाही.

दादाची अर्धी राहिलेली रुईफुलाची किनार आम्ही कंप्युटरात भरली. कूलरची सोय झाल्यावर मामी बोलू लागली, आणि बोलू लागली ती थेट नकाशा वाचायलाच बसली. कागद खिडकीशी धरून सांगायची, दोन चौकटी भरा, एक सोडा, आणि मी बटणं दाबायचो. चुकलो की म्हणायची, लक्ष कुठं हाय?

दादा यायलाच तयार नव्हता. मले दिसते काय, जे दाखवून राहिला, म्हणाला. शेवटी मामीनेच हात धरून आणला.

आधी रंगीत लावलं. बाप रे! आकाशी अंगावर राणी फुलं, झटक्यात. मी तर उभाच राहिलो. दादाने मान पुढे केली, डोळे बारीक केले. रंग लय भारी हाय, म्हणाला, पण फूल फुटून राहिलं. त्याला प्रत्येक चौकटीची कड शेजारच्या चौकटीत सांडलेली दिसत होती.

मग त्याने मान दुसऱ्या पडद्याकडे वळवली. तिथे काळ्यावर पिवळी ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. तो खुर्ची ओढून काचेजवळ सरकला. म्हणाला, अवं कौसल्या, हे तं मागावरून उतरून राहिलं. तुझ्या कंपनीतले लोक ज्या संथपणावर वैतागतात, तो याला मागावर एकेक सूत टाकत जाणाऱ्या धोट्याचा वाटला. आम्ही आपले शेवटची ओळ उमटेपर्यंत बघत राहिलो.

एक फूल मोठं केलं. चौकट हरभऱ्याएवढी झाली. त्याने बोट काचेला लावलं आणि सरकवत गेला. भरलं, सोडलं, भरलं, भरलं. मग थांबला आणि विचारलं, ही पाकळी कोणा गाढवानं काढली? माझं एक घर, म्हणजे एक चौकट, चुकलं होतं, मार्तंड. त्याला ते दिसलं! त्याने स्वतः बटण दाबून घर सोडलं, आणि पुन्हा ओळीमागून ओळ उतरताना हात जोडून बघत बसला. मामी आत निघून गेली. कशाला ते मी विचारलं नाही.

मी विचारलं, की दादा, रंगांचं काय करायचं? तो खदखदून हसला. कित्येक महिन्यांनी. म्हणाला, माग सोडून दुकानात बसला तं डोकंही गल्ल्यात ठेवलं काय गा? रंग सुताले राहते, नकाशाले नाही. सूत उचललं तं भरलं, नाही उचललं तं सोडलं. तिसरं काय हाय तिथं?

पंधराव्या वर्षापर्यंत मीही त्याच मागावर बसलो होतो. पण साडी पाहिली की मला आता रंगच दिसतो.

उमरेडला निरोप धाडला आहे. रंगीत कार्ड त्याच्या पडद्यासकट परत पाठवतो. आईला हे पत्र दोनदा वाचून दाखव. तुझ्यावर आमचा जीव आहे, तुझाही आमच्यावर राहू दे.

तुझा,
शालिकराममामा

ता. क. बाबाराव आज सकाळी चार दुकानदार घेऊन रंगीत पडदा बघायला आला होता. दादा कामावर बसला होता, वळूनही पाहिलं नाही. रंगीत पेटीत बांधून झाला होता, म्हणून शेवटी मीच त्यांना सांगितलं, पडदा एकाच रंगाचा आहे.