पाळ्यांची अदलाबदल

वाशी, ऑक्टोबर १९९७

प्रिय अक्षता,

उत्तराला उशीर झाला. रागावून तरी फोन करशील म्हणून वाट पाहत होते.

इथे सगळे बरे आहेत. आमचा निशांत आता माझ्याएवढा उंच झालाय. महाप्याच्या आपल्या ऑफिसात तुझ्या टेबलावर ऋषी बसतो. गुणी मुलगा. 'मॅडम, तुम्ही कोबोलच्या जमान्यातल्या' म्हणतो आणि वर चहा पाजतो. मीटिंगमध्ये मी नुसती टिपणं काढायचे. इतकी वर्षं कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहूनही माउस धरताना हात अवघडतो, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

गणपतीत पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात आपला हजेरीचा नवा प्रोग्रॅम अडला. निम्मे कामगार गैरहजर, उरलेल्यांच्या दोन-दोन पाळ्या. आणि दुसरी पाळी प्रोग्रॅम चूक म्हणून नाकारत होता. ऋषीच्या मते माहितीच खोटी होती. साहेबांनी मला पाठवलं, बहुधा मी रिकामी दिसले म्हणून.

मी कँटीनमध्ये जाऊन बसले. संघर्ष नावाचा ऑपरेटर म्हणाला, 'खोटी कशी, मॅडम? कोकणवाले गणपतीला गावी गेले, त्यांची पाळी आमी करतो. चौदा एप्रिलला आमी सुट्टी घेतो, तवा आमची ते करतात. तुमच्या कॉम्प्युटरला एवढं पन कळत नाय?' शेजारचे गंगारामभाऊ म्हणाले, 'त्याला गाव नसंल.' सगळे हसले. मीही.

परत येऊन ऋषीशेजारी खुर्ची ओढली. मी कागदावर काढत गेले, तो स्क्रीन बांधत गेला: पाळी कुणाची, करणार कोण, परतफेड कधी. कारखान्यात दाखवली तेव्हा संघर्षने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'हे काढा. ते आमचं आमी बघतो.' काढला. प्रोग्रॅम चालू लागला. आता दिघ्याच्या नव्या कामाला साहेब आधी मला पाठवणार आहेत, एक ओळही लिहिण्यापूर्वी.

पुण्याच्या तुझ्या क्लासमधली शिकवायची जागा मी फोनवर रडून मागितली होती. दिवाळीपर्यंत तू ती माझ्यासाठी अडवून धरली आहेस. अक्षता, मी येत नाही. माउस अजून नीट धरता येत नाही, तरीही. ती जागा दुसऱ्या कुणाला दे. तुझे उपकार कसे फेडू, असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं. आपल्यातही तो रकाना नको.

तुझीच, कोबोलच्या जमान्यातली
जयमाला